बातमी आपल्या विरोधात आहे, की खरी आहे?
‘स्पॉटलाइट’ या चित्रपटाच्या निमित्ताने



गेल्या महिन्यात आपल्या युवक मंडळाने सभागृहात ‘स्पॉटलाइट’ हा इंग्रजी चित्रपट मोठ्यांसाठी दाखवला. चित्रपट संपला, दिवे लागले, पण लगेच कोणी उठले नाही. मग मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “फादर, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे आपल्याच हॉलमध्ये दाखवायची काय गरज होती? पेपरवाले आणि सिनेमावाले आधीच आपल्या मागे लागलेले आहेत.” त्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “पण काका, त्यात दाखवलेले खरे आहे ना?” जेवणाची वेळ झाली होती, त्यामुळे चर्चा तिथेच थांबली.

आमच्या मनात मात्र ती थांबली नाही. काकांचा प्रश्न प्रसारमाध्यमांच्या हेतूबद्दलचा होता. त्या मुलीचा प्रश्न सत्याबद्दलचा होता. दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत, पण त्यांचा क्रम चुकला की मोठा अनर्थ होतो. तो कसा होतो, हे या चित्रपटाच्या आधाराने पाहू या.

चित्रपटाची गोष्ट

टॉम मॅकार्थी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. २०१६ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम मूळ पटकथा असे दोन पुरस्कार मिळाले. ‘स्पॉटलाइट’ हे अमेरिकेतील ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाच्या शोधपत्रकारांच्या एका छोट्या गटाचे नाव आहे. हा गट १९७० मध्ये स्थापन झाला. एकेका विषयावर महिनोन्महिने काम करायचे आणि पुरावा हाती आल्याशिवाय छापायचे नाही, अशी त्यांची पद्धत.

२००१ च्या जुलै महिन्यात मार्टी बॅरन हे नवे संपादक बॉस्टनमध्ये येतात. ते यहुदी आहेत, शहरात परके आहेत. बॉस्टन म्हणजे कॅथोलिकांचे शहर. दैनिकाचे अर्ध्याहून अधिक वर्गणीदार कॅथोलिक असल्याचे चित्रपटात सांगितले जाते. शोध घेणारे चारही वार्ताहर कॅथोलिक घरांत वाढलेले. साशा फायफर या वार्ताहराची आजी तर आठवड्यातून तीनदा मिस्साला जाणारी. नवे संपादक येताच एका जुन्या प्रकरणाकडे बोट दाखवतात. जॉन गेगन नावाच्या धर्मगुरूवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते. एका धर्मग्रामात तक्रार झाली की त्याला दुसऱ्या धर्मग्रामात पाठवले जाई. वरिष्ठांना हे ठाऊक होते का, असा बॅरन यांचा प्रश्न असतो. चर्चशी संबंधित कागदपत्रे न्यायालयाच्या आदेशाने मोहोरबंद असतात. ती खुली व्हावीत म्हणून दैनिक न्यायालयात जाते.

६ जानेवारी २००२, रविवार, प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण. त्या दिवशी ‘ग्लोब’ने पहिला लेख छापला. गेगनविरुद्ध १३० हून अधिक व्यक्ती पुढे आल्या होत्या. तीस वर्षांत तो अर्धा डझन धर्मग्रामांत फिरला होता. त्या वर्षभरात दैनिकाने या विषयावर सुमारे ६०० बातम्या व लेख दिले. बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी १३ डिसेंबर २००२ रोजी पदत्याग केला. २००३ मध्ये ‘ग्लोब’ला या कामासाठी सार्वजनिक सेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा

२००२ साली आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो. भोजनगृहाबाहेरच्या टेबलावर वर्तमानपत्रे ठेवलेली असत. अमेरिकेतील या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येऊ लागल्या, तेव्हा आम्हा तरुण विद्यार्थ्यांचे एकमत झाले होते. हे चर्चच्या शत्रूंचे काम आहे, संपादक ख्रिस्ती नाही, अमेरिकेतील वकिलांना चर्चचा पैसा हवा आहे, ब्रह्मचर्याची थट्टा करायला यांना निमित्त हवे आहे. आमच्याकडे कारणांची कमतरता नव्हती. बातमी मात्र आमच्यापैकी बहुतेकांनी पूर्ण वाचलेली नव्हती.

आम्हांला तर्कशास्त्र शिकवणारे एक वृद्ध फादर तिथून जात होते. त्यांनी आमचे बोलणे शांतपणे ऐकले आणि विचारले, “बोलणारा कोण आहे, त्यावरून त्याचे विधान खोटे ठरवणे, याला आपल्या पाठ्यपुस्तकात काय म्हणतात?” आम्ही उत्तर दिले. याच तर्कदोषावर नुकताच आम्ही पेपर लिहिला होता. फादर म्हणाले, “मग परीक्षेत दहा गुण मिळवून उपयोग काय झाला?” एवढे बोलून ते जेवायला गेले.

बंधू-भगिनींनो, ती लाज आजही आमच्या लक्षात आहे. त्या बातम्यांच्या मागे लहान मुले होती. आम्ही मुलांचा विचार करण्याआधी संस्थेच्या नावाचा विचार केला होता. पुढे धर्मगुरू होणाऱ्या आम्हा तरुणांना बातमीतील आई-वडिलांऐवजी आधी संपादकाचा धर्म दिसला. चित्रपट पाहताना आम्हांला याचेच सर्वांत जास्त वाईट वाटले.

मौनाचाही पक्षपात असतो

माध्यमांचा पक्षपात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शत्रुत्व येते. कोणीतरी मुद्दाम आपल्याविरुद्ध लिहिते, असे आपल्याला वाटते. असे घडतेही, आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण ‘स्पॉटलाइट’मध्ये दिसणारा पक्षपात निराळा आहे, आणि तो चर्चच्या बाजूने झालेला आहे.

चित्रपटात शोषणाला बळी पडलेला एक माणूस वार्ताहरांना सांगतो, की ही सारी माहिती त्याने काही वर्षांपूर्वीच याच दैनिकाला पाठवली होती. कोणी दखल घेतली नव्हती. पुढे एक वकील सांगतो, की त्याने पूर्वीच वीस धर्मगुरूंची यादी दैनिकाकडे दिली होती. कात्रणे शोधल्यावर १९९३ सालची एक लहानशी बातमी सापडते. ती आतल्या पानात गाडली गेलेली. त्या वेळी शहर विभागाचा संपादक कोण होता? ‘स्पॉटलाइट’ गटाचे प्रमुख वॉल्टर रॉबिन्सन, ज्यांना सारे रॉबी म्हणतात, तेच! बातमी छापण्याच्या आदल्या बैठकीत ते हे सहकाऱ्यांपुढे कबूल करतात. कोणी त्यांना लाच दिली नव्हती, कोणी धमकावले नव्हते. त्यांचे शिक्षण कॅथोलिक शाळेत झाले होते, मित्र तिथलेच होते, शहरातले सारे मानाचे लोक एकमेकांना ओळखत होते. बातमी आली, पण डोळ्यांना ती दिसलीच नाही.

इंग्लंडचा तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याने १६२० मध्ये लिहिले होते, की माणसाच्या बुद्धीपुढे काही खोट्या मूर्ती उभ्या असतात आणि त्या सत्य पाहू देत नाहीत. त्यांतील एकीला तो गुहेची मूर्ती म्हणतो. प्रत्येक माणूस आपल्या संस्कारांच्या, शिक्षणाच्या, सोबतीच्या गुहेत राहतो आणि गुहेत जेवढा प्रकाश येतो तेवढाच त्याला दिसतो. बॉस्टनच्या पत्रकारांची गुहा कॅथोलिक होती. परक्या गावातून आलेल्या माणसाला ती गुहा नव्हती, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याने तो प्रश्न विचारला. आमच्या सेमिनरीतल्या चर्चेत ज्या गोष्टीला आम्ही त्याचा दोष समजत होतो, तीच त्या मुलांच्या कामी आली.

आपल्या मराठीत हेच सोप्या शब्दांत सांगितले आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण बाब्याला वाचवण्यासाठी शेजारच्या दहा घरांतील मुलांना किंमत मोजावी लागते, तेव्हा ती हसण्याची गोष्ट राहत नाही.

यात आणखी एक दुःखाची बाब आहे. चर्चच्या आतूनही आवाज उठले होते. एकाच कुटुंबातील सात मुलांवर गेगनने अत्याचार केले होते. त्या घरातील एका स्त्रीने १९८२ मध्ये तेव्हाच्या कार्डिनलना पत्र लिहिले होते. १९८४ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनच्याच एका सहायक बिशपांनी कार्डिनल लॉ यांना पत्र पाठवून गेगनच्या नेमणुकीबद्दल चिंता कळवली होती. म्हणजे श्रद्धावंत आईबहिणींना आणि एका बिशपांना जे दिसत होते, ते ऐकून घेतले गेले नाही. आणि १९९२ मध्ये शेजारच्या धर्मप्रांतातील अशाच एका धर्मगुरूच्या बातम्या गाजत होत्या, तेव्हा कार्डिनल लॉ यांनी जाहीरपणे माध्यमांवर, विशेषतः ‘ग्लोब’वर, देवाच्या सामर्थ्याचे आवाहन केले होते. बातमी आपल्या विरोधात आहे हे त्यांनी पाहिले. ती खरी आहे का, हा प्रश्न मागे राहिला. त्यानंतरची दहा वर्षे त्या मौनात गेली.

सत्य शोधण्याची चिकाटी

चित्रपटातील सर्वांत शिकण्यासारखा भाग म्हणजे पत्रकारांचे काम. त्यात कसलाही थरार नाही. दारे ठोठावणे, तोंडावर दारे बंद होणे, पुन्हा जाणे, वही काढून लिहून घेणे, एवढेच. बळी पडलेल्या माणसांशी बोलताना साशा नम्रपणे, पण नेमके काय घडले ते विचारते. मोघम शब्दांनी सत्य कळत नाही, हे तिला ठाऊक आहे.

एका जाणकाराकडून त्यांना अंदाज मिळतो, की बॉस्टनमध्ये असे सुमारे नव्वद धर्मगुरू असू शकतील. हा आकडा त्यांना स्वतःलाच खरा वाटत नाही. मग ते काय करतात? महाधर्मप्रांताच्याच वार्षिक निर्देशिका काढून बसतात. प्रत्येक धर्मगुरूची नेमणूक कुठे होती, हे त्यांत छापलेले असते. ज्यांच्या नावापुढे मध्येच ‘आजारपणाची रजा’ किंवा ‘नेमणूक नाही’ असे शब्द येतात आणि ज्यांची फार लवकर बदली होते, त्यांची यादी ते पट्टी धरून, ओळ न् ओळ तपासत करतात. यादी ८७ नावांची होते. पुढे त्यांतील प्रत्येक नावासाठी स्वतंत्र दुजोरा शोधला जातो. चर्चने स्वतः छापलेल्या पुस्तकांतूनच सत्य वर आले, ही बाब आम्हांला विचार करायला लावणारी वाटली. आपल्याही कपाटात अशी निर्देशिका आहे.

एका प्रसंगात मायकल रेझेंडेस हा वार्ताहर कागदपत्रे हाती लागताच ओरडतो, की बातमी आत्ताच्या आत्ता छापली पाहिजे. रॉबी नकार देतात. एकट्या कार्डिनलना दोषी ठरवून थांबायचे नाही, संपूर्ण व्यवस्था कशी चालते ते दाखवायचे, असे संपादकांनी सांगितलेले असते. घाईने छापले असते तर खळबळ झाली असती आणि दोन आठवड्यांत विसरले गेले असते. त्याच सुमारास ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला होतो आणि काही आठवडे सारे काम बाजूला पडते. तरीही ते परत येतात. क्षणात बातमी पुढे ढकलण्याची सवय लागलेल्या आपल्या मोबाइलच्या युगाला हा धडा फार महत्त्वाचा आहे.

पवित्र शास्त्रातही एक शोधपत्रकार आहे, असे आम्ही म्हटले तर आश्चर्य वाटेल. दानीएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय वाचा. सुसान्ना या निष्पाप स्त्रीवर दोन वडीलधारे न्यायाधीश खोटा आळ घेतात. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात. का? ते समाजात मानाचे आहेत म्हणून. पुरावा कोणी मागत नाही. तिला मरणदंडासाठी नेत असताना दानीएल नावाचा तरुण पुढे येतो आणि चौकशी पुन्हा करायला लावतो. तो त्या दोघांना वेगवेगळे बसवतो आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारतो: हे तुम्ही कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे वेगवेगळी झाडे सांगतात आणि खोटे उघडे पडते. साक्षीदार वेगळे करणे, नेमका प्रश्न विचारणे, उत्तरे ताडून पाहणे, प्रतिष्ठेला पुरावा न समजणे. आजही चांगली पत्रकारिता याच चार गोष्टींवर उभी असते.

मग माध्यमे नेहमी बरोबर असतात का?

नाही. आमच्या ज्येष्ठ काकांचे म्हणणे इथे लक्षात घेतले पाहिजे.

नोव्हेंबर १९९३ मध्ये शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्यावर एका माजी सेमिनरी विद्यार्थ्याने शोषणाचा आरोप केला. सीएनएन वाहिनीने त्याची मुलाखत दाखवली आणि बातमी जगभर गेली. तीन-साडेतीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, आरोप करणाऱ्याने आरोप मागे घेतला. संमोहनानंतर जाग्या झालेल्या आपल्या आठवणींवर आता विसंबता येत नाही, असे त्याने मान्य केले. आरोप जेवढ्या मोठ्याने सांगितला जातो, तेवढ्या मोठ्याने निर्दोषपण सांगितले जात नाही. ज्याच्यावर असे बेतते त्यालाच त्याचे दुःख कळते.

पण कार्डिनल बर्नार्डिन त्या काळात कसे वागले, हे पाहण्यासारखे आहे. १९९२ मध्ये त्यांनीच शिकागोत अशा तक्रारी तपासण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले होते. स्वतःवर आरोप येताच, इतरांना लावलेला नियम आपल्यालाही लावा, असे त्यांनी सांगितले. पत्रकारांना टाळले नाही, पत्रकार परिषद घेऊन प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. माध्यमांना शाप दिला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये ते आरोप करणाऱ्या त्या तरुणाला जाऊन भेटले. तो तेव्हा एड्सने आजारी होता. दोघांचा समेट झाला आणि कार्डिनलनी त्याला रुग्णाभ्यंग संस्कार दिला. बॉस्टन आणि शिकागो यांतील फरक इथे आहे. बॉस्टनमध्ये बातमी खरी होती आणि ती लपवली गेली. शिकागोत बातमी खोटी होती, तरीही तिला उजेडात येऊ दिले गेले. जो उजेडाला घाबरला नाही, त्याचेच नाव शेवटी स्वच्छ राहिले.

‘स्पॉटलाइट’ चित्रपटही यातून सुटलेला नाही. बॉस्टन कॉलेजच्या एका अधिकाऱ्याच्या तोंडी चित्रपटात जे संवाद घातले गेले, त्यांवरून ते प्रकरण दडपणाऱ्यांपैकी होते असा समज होत होता. त्यांनी तक्रार केली. मार्च २०१६ मध्ये, ऑस्कर मिळाल्यानंतर, चित्रपट कंपनीने ते संवाद काल्पनिक असल्याचे आणि ती व्यक्ती दडपादडपीत सामील नसल्याचे जाहीर केले. सत्याच्या शोधावर काढलेल्या चित्रपटालाही एका जिवंत माणसाबद्दल खुलासा करावा लागला! म्हणून, चित्रपट पाहताना तो चित्रपट आहे, हे विसरू नये.

आकड्यांबाबतही असेच होते. अमेरिकेच्या बिशपांनी नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल २००४ मध्ये आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाले होते. हे प्रमाण त्या काळातील एकूण धर्मगुरूंच्या सुमारे चार टक्के होते. ‘सगळे धर्मगुरू असेच’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा. पण ‘मूठभरच तर होते’ असे म्हणणाऱ्याने त्याच अहवालातील दुसरा आकडाही पाहावा. अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या मुलामुलींची संख्या १०,६६७ होती. आपल्या सोयीचा एकच आकडा सांगणे हाही पक्षपातच, मग तो वर्तमानपत्राने केलेला असो की आम्ही व्यासपीठावरून केलेला असो.

कार्डिनलनी दिलेले पुस्तक

चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. नवे संपादक कार्डिनल लॉ यांना भेटायला जातात. शहरातील मोठ्या संस्थांनी हातात हात घालून काम करावे, असे कार्डिनल सुचवतात. दैनिकाने आपले काम करायचे तर त्याला स्वतंत्र उभे राहावे लागते, असे संपादक नम्रपणे उत्तर देतात. निरोप घेताना कार्डिनल त्यांना एक भेट देतात: कॅथोलिक चर्चचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ.

प्रेक्षक या प्रसंगाला हसतात. आम्ही मात्र घरी आल्यावर तोच ग्रंथ उघडला. आठव्या आज्ञेवरील भाग, परिच्छेद २४६४ पासून पुढे. त्यात शेजाऱ्याबद्दल पुराव्याविना वाईट मानणे, कारण नसताना त्याचे दोष उघड करणे आणि खोटे बोलून त्याचे नाव बुडवणे, ही तीन पापे वेगवेगळी सांगितली आहेत. आणि परिच्छेद २४९४ मध्ये म्हटले आहे, की माध्यमांनी दिलेली माहिती ही सर्वांच्या हितासाठी असते आणि सत्य, स्वातंत्र्य, न्याय व बंधुभाव यांवर आधारलेली माहिती मिळणे हा समाजाचा हक्क आहे. म्हणजे संपादक जे मागत होते, तो हक्क त्यांना भेट दिलेल्या पुस्तकातच लिहिलेला होता. देणाऱ्याने ते पान लक्षात ठेवले असते तर!

चर्चने हे पुढे स्वीकारले. २०१६ मध्ये व्हॅटिकनच्या दैनिकात एका लेखिकेने हा चित्रपट कॅथोलिकविरोधी नाही, असे स्पष्ट लिहिले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २१ डिसेंबर २०१८ रोजी रोममधील आपल्या सहकाऱ्यांपुढे बोलताना, प्रामाणिकपणे शोध घेऊन अशा अत्याचाऱ्यांचे मुखवटे काढणाऱ्या व बळींचा आवाज ऐकवणाऱ्या पत्रकारांचे आभार मानले. १९९२ मध्ये एका कार्डिनलनी माध्यमांना दटावले होते आणि २०१८ मध्ये खुद्द पोप महोदयांनी त्यांना धन्यवाद दिले. या सव्वीस वर्षांत चर्च बरेच काही शिकले. हे शिकण्याची किंमत मात्र चुकलेल्यांपेक्षा त्या मुलांनीच अधिक मोजली.

घरी बातमी वाचताना

वर्तमानपत्र, टीव्ही किंवा मोबाइलवरील कोणतीही बातमी आली, की पुढील पाच प्रश्न स्वतःला विचारावेत.

१. ही बातमी खरी आहे का? ती आपल्या बाजूची की विरुद्ध, हा प्रश्न त्यानंतरचा.

२. सांगणाऱ्याने ती कशावरून सांगितली? कागद, साक्षीदार, न्यायालयाचा निर्णय, की नुसते ‘असे समजते’?

३. दुसऱ्या बाजूला बोलू दिले आहे का?

४. एका माणसाच्या दोषावरून साऱ्या समाजाला दोषी ठरवले आहे का? इथे आपण स्वतःलाही तपासावे. आपल्याबद्दल असे लिहिले की आपल्याला राग येतो. दुसऱ्या धर्माच्या किंवा जातीच्या माणसांबद्दल असाच संदेश आला, तर आपण तो पुढे पाठवतो का?

५. हीच बातमी आपल्या माणसाऐवजी परक्याबद्दल असती, तर आपण काय म्हटले असते?

पाचवा प्रश्न सर्वांत कठीण आहे. बाब्या आणि कार्टे यांना एकाच तराजूत तोलता आले, तर समजावे की आपण सत्याच्या जवळ आलो.

आपल्या धर्मग्रामात

चित्रपटातील एक वकील म्हणतो त्याचा आशय असा, की मूल वाढवायला सारे गाव लागते, तसा मुलावर अत्याचार व्हायलाही साऱ्या गावाचा हातभार लागतो. आपण पॅरिशला धर्मग्राम म्हणतो. तेव्हा हे वाक्य आपल्यालाही लागू पडते. बघून न बघितल्यासारखे करणारे, ‘फादर असे करणार नाहीत’, ‘सर असे करणार नाहीत’, ‘घरातले प्रकरण घरात मिटवू’ असे म्हणणारे, हे सारे त्या गावात येतात.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. आपल्या देशात २०१२ सालच्या पोक्सो कायद्यानुसार, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. मूल काही सांगू लागले तर त्याला गप्प करू नका. तक्रार कोणाबद्दलही असो, आमच्याबद्दल असली तरीही, ती दाबू नका. चर्चचे नाव वाचवण्यासाठी मौन पाळणाऱ्याने चर्चची सेवा केली, असे आम्ही मानणार नाही.

चित्रपटाच्या शेवटी साशाची आजी स्वयंपाकघरात बसून तो लेख वाचते. आयुष्यभर मिस्साला जाणारी ती वृद्ध स्त्री वाचता वाचता थांबते आणि नातीकडे पाणी मागते. ती वर्तमानपत्र फाडत नाही, नातीला बोल लावत नाही. आम्हांला त्या आजीची श्रद्धा फार मोठी वाटली. जी श्रद्धा सत्य ऐकून घोटभर पाणी पिते आणि पुढचे पान वाचते, ती सहजासहजी मोडत नाही. आमच्या ज्येष्ठ काकांनाही आम्ही प्रेमाने एवढेच सांगू इच्छितो: मूठ झाकलेली असते तोवर आत सव्वा लाख आहेत की काही नाही, हे कोणालाच कळत नाही. प्रभू येशूने आपल्याला मूठ उघडायला शिकवले आहे. झाकलेले उघडकीस येणार, हे त्याने आपल्या शिष्यांना आधीच सांगून ठेवले आहे (लूक १२:२).

कुटुंबात व लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. चर्चवर टीका करणारी बातमी वाचून तुमच्या मनात पहिला विचार कोणता आला होता? आता काय वाटते?

२. खात्री न करता पुढे पाठवलेला संदेश खोटा निघाला, असे कधी घडले का? तेव्हा तुम्ही चूक कबूल केलीत का?

३. दानीएल १३ वाचा. सुसान्नाच्या वेळी लोक गप्प का राहिले? आपल्याकडे लोक कोणत्या वेळी गप्प राहतात?

प्रार्थना: हे सत्याच्या आत्म्या, आमच्या डोळ्यांवरची आपलेपणाची पट्टी काढ. खरे ऐकण्याचे धैर्य दे आणि खोटे न पसरवण्याचा संयम दे. ज्या लेकरांचे कोणी ऐकले नाही, त्यांना बरे कर, आणि त्यांचे ऐकायला आम्हांला शिकव. प्रामाणिकपणे बातमी शोधणाऱ्या सर्वांना आशीर्वाद दे. आमेन.

आपले,
प्रमुख धर्मगुरू